मिटलेलं तोंड

निशिकांत केळुसकर हा डूख धरणारा माणूस. हे ऐकून कुणाला नाक मुरडायचं असेल तर खुशाल मुरडा. सिंगापुरात, पुंगोलच्या त्याच्या ब्लॉकमध्ये विचारलंत तर सांगतील, काय सज्जन माणूस हो! लिफ्टचं दार धरून ठेवतो, शेजारच्या चिनी आजीबाईंचं सामान वर आणून देतो, रविवारी गळ्यात कॅमेरा अडकवून बमबोटने, म्हणजे लहानशा मोटारहोडीने, पुलाउ उबीन बेटावर पक्षी टिपायला जातो. सगळं खरं. आणि त्याच सज्जन माणसाने सहा वर्षं एका माणसाचं एक वाक्य पोटात जपून ठेवलं होतं, हेही तितकंच खरं.

तो माणूस म्हणजे प्रतापसर. पाया लेबारच्या ऑफिसातला त्याचा साहेब. मूळचा पुण्याचा, आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं. तोंडावर 'सर' म्हणायचं आणि मनात अरे-तुरे करायचं, असा निशिकांतचा रिवाज होता. आपणही तोच पाळू.

२००२ साली एका पहाटे कुडाळहून फोन आला. अण्णा गेले. निशिकांतचे वडील. चुलतभाऊ म्हणाला, "बर्फावर ठेवतो, तू ये. अग्नी तूच द्यायचास." निशिकांत पासपोर्ट खिशात घालूनच रजा मागायला गेला. प्रताप कॉफी पीत होता. कप खाली न ठेवता म्हणाला, "गेलेला माणूस गेला रे. तू जाऊन काय करणार आहेस? सोमवारी क्लायंटकडे सिस्टम चालू व्हायचीय. गेलास तर परत येऊ नकोस, तुझा इथला नोकरीचा पास मी रद्द करायला टाकतो."

घरी नीता होती, पोटात सात महिन्यांचं बाळ होतं, फ्लॅटचं भाडं होतं. निशिकांत खुर्चीत जाऊन बसला आणि काम करू लागला. अग्नी चुलतभावाने दिला.

इथवरही एक वेळ गिळता आलं असतं. पण दोन दिवसांनी चुलतभावाने ईमेलने फोटो पाठवला. बिचाऱ्याने आपुलकीनेच पाठवला, दादाला शेवटचं दर्शन व्हावं म्हणून. त्यात अण्णांचं तोंड उघडं होतं. फ्लॅशने चेहरा पांढराफटक, नाकात कापूस, एका कडेला कुणाचं तरी कोपर आणि मागे प्लास्टिकची बादली. अण्णा म्हणजे दुधाची पिशवी आणायला जातानाही आरशात बघून टोपी सारखी करणारा माणूस! "अरे, तोंड तरी मिटायचं होतं रे कुणीतरी," एवढंच निशिकांत बोलला आणि ऑफिसच्या संडासात जाऊन रडला. त्या दिवसापासून डोळे मिटले की त्याला अण्णांचं ते उघडं तोंड दिसायचं. हसरे अण्णा, रागावलेले अण्णा, सगळे अण्णा त्या एका फोटोने पुसून टाकले.

मग त्याने एक काम अंगावर घेतलं. सिंगापूरच्या मराठी घरांत कुणाचे आईवडील इथे आलेले असताना गेले, तर निशिकांतला फोन जायचा. तो यायचा, घरच्यांची परवानगी घ्यायचा आणि मान खाली घालून कामाला लागायचा. हनुवटीखाली घडी घातलेला टॉवेल ठेवून तोंड मिटायचं. केस विंचरायचे. चादर सारखी करायची. औषधाच्या बाटल्या, चपला, बादल्या बाजूला. फ्लॅश नाही, खिडकीचा उजेड. असा फोटो गावाला गेला की तिकडच्या लेकी, बहिणी म्हणायच्या, झोपल्यासारखी दिसते हो! त्यासाठी निशिकांतने कधी कुणाकडून चहासुद्धा घेतला नाही.

आता गंमत बघा. ऑफिसातल्या हेमचंद्रच्या आईचा असा एक फोटो प्रतापच्या नजरेला पडला. दुसरा कुणी हळहळला असता. प्रतापच्या डोक्यात भलताच दिवा पेटला. तो एप्रिलमध्ये न्यूझीलंडला शिकारीला जाणार होता. परवाना, बंदूक, गाइड, सगळं पैसे भरून. तिथे मोठ्या शिंगांचं हरीण मारायचं आणि त्याचा भिंतभर फोटो नव्या कॉन्डोतल्या फ्लॅटच्या हॉलमध्ये लावायचा, असा बेत होता. फक्त एक अडचण होती. आधीच्या वर्षी शेजारच्या मलेशियात, जोहोरला मारलेल्या रानडुकराचा फोटो त्याने एका परदेशी क्लायंटला मोठ्या फुशारकीने दाखवला होता. क्लायंट स्वतः जुना शिकारी. जीभ लोंबतेय, रक्त ओघळतंय आणि वर बूट ठेवून हा उभा, असा फोटो बघून तो म्हणाला होता, "आमच्याकडे असले फोटो कुणी काढत नाही. जनावराचा मान ठेवतात." ते प्रतापच्या जिव्हारी लागलं होतं.

"निशिकांत, तू चल माझ्याबरोबर," तो म्हणाला. "तिकीट माझं. हेमचंद्रच्या आईचा काढलास ना, तस्साच पाहिजे. झोपल्यासारखा."

निशिकांत म्हणाला, "येतो की सर."

नीताने बॅग भरता भरता विचारलं, "तू हो कसं म्हणालास? त्या माणसाचं तोंड बघून तुला जेवण जात नाही."

"उट्टं काढायचंय."

"ते कसं?"

"अजून माहीत नाही. पण काढणार."

हरीण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पडलं. आता हरीण म्हणायचं म्हणून म्हणायचं, घोड्याएवढं धूड होतं ते, मानेला दाट आयाळ, शिंगांचा हा पसारा. गोळी लागल्यावर चार पावलं चाललं आणि गवतात गुडघ्यावर बसलं. प्रताप आरडाओरडा करत धावला आणि गाइडने थांबवायच्या आत त्याने मानेवर बूट ठेवला. "काढ, काढ!"

निशिकांतने कॅमेरा वर केला. भिंगातून दिसलं ते असं. जीभ बाहेर, नाकातून रक्त, तोंड उघडं. त्या उघड्या तोंडात त्याला अण्णा दिसले.

सूड हातात आयता आला होता. हाच फोटो काढायचा, ऑफिसभर पाठवायचा, साहेबाचं हसं करायचं. बोट बटणावर होतं. पण हसू किती दिवस टिकतं हो? आठवडाभर. मग फोटो पुसला जाणार आणि हा गडी पुन्हा हसायला मोकळा. निशिकांतला आठवडा नको होता. अण्णांचा फोटो त्याला रोज दिसत होता. यालाही रोज दिसेल असं काहीतरी हवं होतं.

आणि तेव्हा त्याला अवनी आठवली.

अवनी ही प्रतापची आठ वर्षांची मुलगी. ऑफिसच्या सहलीत उबीनला तिने रस्त्यावर चिरडलेली एक घोरपड पाहिली होती, तर पोरगी जेवायला तयार होईना. शेवटी निशिकांतनेच ती घोरपड केळीच्या पानावर घेऊन झाडाखाली पुरली, तेव्हा कुठे ती बोटीत बसली. प्रतापचा सगळा जीव त्या पोरीत. ऑफिसात सिंहासारखा डरकाळणारा हा माणूस फोनवर "हो गं राणी, हो गं" करायचा. आणि फोटो लागणार होता तिच्याच घरात, तिच्याच डोळ्यांसमोर. हे सगळं निशिकांतला ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच त्याने कॅमेरा खाली घेतला.

"सर, बूट काढा. नीट करू या," तो म्हणाला.

त्याने ओल्या फडक्याने नाकपुड्या पुसल्या. जीभ हळूच आत सारली. जबडा दोन्ही हातांनी मिटून धरला आणि खाली गवताची पेंडी सरकवली. पाय अंगाखाली दुमडले, रवंथ करत बसल्यासारखे. गोळीची जखम पलीकडच्या अंगाला गेली. केस होते त्या दिशेने हात फिरवून बसवले. पापण्या अर्धवट ओढून डोळ्यांत पाण्याचे थेंब सोडले, तशी चमक परत आली. गाइडही मदतीला आला. बंदूक त्याने लांब गवतात आडवी ठेवली. प्रतापला निशिकांतने मागे, जरा बाजूला बसवलं आणि सांगितलं, "माझ्याकडे नाही सर, त्याच्याकडे बघा." मग तो पालथा पडला, कॅमेरा जमिनीला टेकवला आणि डोंगराआड जाणारा सूर्य आयाळीत यायची वाट बघत राहिला.

"माझा चेहरा येतोय ना रे?"

"येतोय सर. अगदी स्वच्छ येतोय."

फोटो झाला तो मात्र असा, की बघणाऱ्याने श्वास रोखावा. संध्याकाळच्या उन्हात एक देखणा जीव डुलकी काढत बसलाय आणि मागे एक माणूस आहे.

नव्या कॉन्डोत सकाळी सत्यनारायण झाला. पूजा होईपर्यंत प्रतापच्या बायकोने, सुचित्रावहिनींनी, फोटोवर पांढरी चादर टाकायला लावली होती. संध्याकाळी पाहुणे जमल्यावर प्रतापने ती स्वतःच्या हाताने ओढली. मग कुणीतरी "वा!" म्हणालं, कुणी टाळ्या वाजवल्या. प्रतापची छाती फुगली.

अवनी गर्दीतून पुढे आली. फोटो तिच्याहून मोठा होता. तिने हरणाच्या नाकावर तळवा ठेवला आणि हळू आवाजात, तिच्या सिंगापुरी इंग्रजीत विचारलं, "पपा, ही स्लीपिंग आह? व्हेन ही वेक अप?"

प्रताप हसला. "अगं, झोपला नाहीये तो. पपाने मारलाय त्याला. एका गोळीत!"

"बट ही डिड नथिंग, व्हॉट."

हॉलमध्ये कुणीतरी प्लेट खाली ठेवल्याचा आवाज आला. अवनीने एकदा हरणाकडे बघितलं, एकदा मागच्या माणसाकडे, एकदा खऱ्या बापाकडे. मग ती आपल्या खोलीत गेली आणि कडी लावली. प्रताप दारावर थापा मारत "राणी, ऐक ना" करत होता आणि लोक चपला शोधत होते. निशिकांतने तेव्हा काय केलं सांगू? श्रीखंड घेतलं. दोनदा घेतलं. कितीतरी वर्षांनी त्याला गोडाची चव लागली.

महिना गेला. पोरगी बापाशी बोलेना. शाळेतून आली की भिंतीला पाठ करून बसायची. फोटो उतरवला तर म्हणाली, "यू थ्रो हिम अवे सम मोअर?", म्हणजे मारलंत ते मारलंत, वर फेकूनही देताय? आणि अशी रडली की पुन्हा टांगावा लागला. शेवटी एका रविवारी प्रतापने निशिकांतला घरी बोलावलं. डोळ्यांखाली काळं आलेलं, आवाज पार बसलेला.

"काहीतरी कर रे," तो म्हणाला. "कॉम्प्युटरवर बदल फोटो. जरा मेल्यासारखा दिसू दे त्याला. नाहीतर तिला सांग, म्हातारा होता, आजारी होता, मरणारच होता. तू घोरपड पुरलीस तेव्हापासून तुझं ऐकते ती. पाया पडू का तुझ्या?"

सहा वर्षं निशिकांत या घटकेची वाट बघत होता. त्याने टीपॉयवरचा कॉफीचा कप उचलला, एक घोट घेतला आणि कप खाली न ठेवता म्हणाला, "गेलेला गेला, सर. मी सांगून काय होणार आहे?"

प्रतापला आधी कळलं नाही. मग कळलं. कळताना त्याचा चेहरा कसा उतरला ते निशिकांतने डोळे भरून बघितलं.

"अरे... तुझे वडील," प्रताप पुटपुटला. "ते तू अजून धरून बसलायस?"

"हो. धरून बसलोय. सोडणारही नाही."

अवनी खोलीच्या दारात उभी होती. तिला मराठी वाक्यं सगळी कळत नसत, आणि तिचं लक्ष फोटोकडेच होतं. ती निशिकांतपाशी आली.

"अंकल, यू वेअर देअर, राइट? हिज माउथ सो नाइस. हू क्लोज?"

"मी," निशिकांत म्हणाला.

"व्हाय?"

सुडाचं उत्तर तयार होतं. तुझ्या बापाला छळायला म्हणून. पण ते काही केल्या तोंडातून बाहेर पडेना. जबडा मिटताना हाताला लागलेली ती ऊब एकदम आठवली, आणि निशिकांतने तिला मराठीतच सांगितलं, "कुणीतरी मिटायला हवं होतं ना, बाळा."

तिला किती कळलं कोण जाणे. तिने त्याचा हात दोन्ही हातांत धरला. "थँक यू, अंकल," ती म्हणाली.

प्रताप समोर बसून ते बघत होता. बापाशी महिनाभर न बोललेली मुलगी त्याच्यासमोर दुसऱ्या माणसाचे आभार मानत होती. याहून मोठा सूड निशिकांतला स्वप्नातही सुचला नसता. त्याला खूप बरं वाटायला हवं होतं. पण कॉफीला चव लागेना, आणि त्याने कप तसाच अर्धा खाली ठेवला.