पणबाईंची रंगीत तालीम

आमच्या कंपनीत त्यांना सगळे पणबाई म्हणायचे. तोंडावर नाही, तेवढी हिंमत असती तर आम्हीही मीटिंगमध्ये तोंड उघडलं असतं. साहेबांनी काहीही मांडलं की आमच्या माना डोलायच्या, आणि मग खिडकीजवळच्या खुर्चीतून हळूच यायचं, "पण..."

काम आमचं साधं आहे. जनावरांच्या डॉक्टरांसाठी आम्ही सॉफ्टवेअर चालवतो. कुठल्या कुत्र्याला कोणतं औषध चालत नाही, कुठल्या मांजरीची लस राहिली आहे, अशा लाखो नोंदी, चारशे दवाखान्यांच्या. डॉक्टरांचे फोन मी घेतो, म्हणजे शिव्या माझ्या वाट्याला. नोंदी सांभाळायचं काम पणबाईंचं, म्हणजे कौतुक कुणाच्याच वाट्याला नाही.

हे सॉफ्टवेअर कंटेनरमध्ये चालतं. कंटेनर म्हणजे प्रोग्राम भरलेला डबा. एक बिघडला की फेकायचा आणि तसाच दुसरा उघडायचा. असे शेकडो डबे ज्या भाड्याच्या मशीनांवर चालतात त्या ताफ्याला क्लस्टर म्हणतात, आणि ती मशीनं नेमकी कुठे आहेत हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नसल्यामुळे त्याला आदराने क्लाउड म्हणतात. अधूनमधून या क्लस्टरचं अपग्रेड करावं लागतं. एकेक मशीन रिकामं करून टाकून द्यायचं आणि डबे नव्या मशीनवर न्यायचे. डबे गेले तर कुणी रडत नाही. नोंदी मात्र डब्यात नसतात. त्या वेगळ्या डिस्कवर असतात, आणि डब्याकडे त्या डिस्कची फक्त चिठ्ठी असते. आमच्याकडे नियम असा होता की चिठ्ठी खोडली की डिस्कही आपोआप पुसली जाणार. हा नियम कुणी ठरवला? कुणीच नाही. तो आयता आला होता, आणि आयतं आलेलं तपासायची आमच्याकडे पद्धत नव्हती.

यंदाच्या अपग्रेडसाठी साहेबांनी बाहेरून सल्लागार आणला. उंटावरून शेळ्या हाकायला माणूस लागतोच, आणि यांचा उंट चांगलाच उंच होता.

"जुनं सगळं पुसू आणि नव्याने मांडू," सल्लागार म्हणाले. "स्वच्छ सुरुवात."

"पण डिस्कचं काय?" पणबाईंनी विचारलं.

"बॅकअप आहे ना," साहेब म्हणाले. "रोज मेल येतो, बॅकअप यशस्वी म्हणून."

"मेल येतो. पण तो बॅकअप परत उतरवून कुणी बघितलाय का?"

"मॅडम, मेलवर हिरवी खूण असते."

आम्ही हसलो. मी जरा जास्तच हसलो, कारण साहेब माझ्याकडे बघत होते.

पणबाई घरी वडिलांबरोबर राहायच्या. वडील निवृत्त लिफ्ट तपासनीस. त्या रात्री जेवताना काय बोलणं झालं ते पणबाईंनी मला पुढे सांगितलं.

"कागदावर ब्रेक ठणठणीत असलेल्या तीन लिफ्ट मी बंद पाडल्या," बाबा म्हणाले. "वजन टाकून बघितलं, आणि ब्रेक लागलाच नाही."

"मग लोकांनी आभार मानले असतील."

"सहा मजले जिने चढताना? माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला." त्यांनी भाताचा घास घेतला. "तू वजन टाकलंस का?"

दुसऱ्या दिवशी पणबाईंनी बाजूला एक छोटा क्लस्टर उभा केला आणि मला म्हणाल्या, "साक्षीला बसा. बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर, इतकंच आहे हे." बॅकअप उतरवला. नोंदी आल्या, आणि शेवटची नोंद निघाली सात महिन्यांपूर्वीची. त्यानंतर फाइल रोज बनली होती, पण आत काही नव्हतं. कुणीतरी नोंदींचा फोल्डर हलवला होता, आणि बॅकअप बिचारा सात महिने इमानेइतबारे रिकाम्या फोल्डरची नक्कल करत होता. मेल खोटं बोलत नव्हता. काहीच नसलेलं सगळं यशस्वीपणे जतन झालं होतं.

पणबाईंनी शेवटच्या नोंदीची तारीख कागदावर लिहून घेतली. मग साहेबांकडे गेल्या.

साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. "हे सल्लागारांच्या कानावर घालू नका. त्यांचा उत्साह जाईल."

"अपग्रेड दोन आठवडे पुढे ढकलू या."

"तारीख वर कळवून झालीय, मॅडम."

तारीख वर गेली की ती खाली येत नाही. पणबाईंनी बॅकअप दुरुस्त केला, पुन्हा उतरवला, आणि वीस जनावरं निवडून त्यांच्या नोंदी ओळीओळीने ताडून पाहिल्या. मग डिस्कचा नियम बदलायची परवानगी मागितली: चिठ्ठी खोडली तरी डिस्क राहावी. फॉर्म परत आला, 'गरज स्पष्ट करावी' असा शेरा घेऊन. त्यांनी गरज स्पष्ट केली नाही. परवानगी नसली तरी सिस्टिममध्ये नियम बदलायची सोय त्यांच्याच हातात होती. त्यांनी अकराही डिस्कचा नियम बदलला आणि कोणती डिस्क कशाची याची यादी वहीत हाताने लिहून घेतली.

अपग्रेड रविवारी सकाळी दहाला सुरू झालं. रविवारी जनावरं आजारी पडत नाहीत असं साहेबांचं मत आहे. सल्लागार घरून हजर होते, पाठीमागे कॅमेऱ्याने चिकटवलेले बर्फाचे डोंगर. मशीनं एकेक करून बदलत गेली. साडेअकराला सल्लागार म्हणाले, "इथे एक जुना भाग नुसताच पडलाय. वापरात नाही. काढतो."

पणबाई म्हणाल्या, "पण थांबा, तो..."

तोवर त्यांनी काढला होता.

त्या भागाच्या नावात 'जुना' होतं खरं. तीन वर्षांपूर्वी कुणीतरी ठेवलेलं नाव बदलायची कुणाची छाती झाली नव्हती, आणि आमच्या सगळ्या नोंदी त्यातच होत्या. डबे गेले, चिठ्ठ्या गेल्या. माझ्या पडद्यावर एकूण नोंदींच्या जागी शून्य आलं.

"क्लाउडमध्ये असं होत नाही," साहेब म्हणाले.

"माझं नेट जातंय," सल्लागार म्हणाले, आणि डोंगरांसकट गेले.

पणबाई पाणी प्यायल्या. मग त्यांनी डिस्कची यादी उघडली. अकरा डिस्क, सगळ्या जागेवर, फक्त मालक नसलेल्या. वही समोर ठेवून त्यांनी एकेक नवी चिठ्ठी लिहिली आणि डिस्क जोडत गेल्या. घाई केली नाही. मध्ये साहेबांनी चार वेळा "झालं का?" विचारलं आणि त्यांनी चारही वेळा पुढची डिस्क जोडली. एक वाजून वीस मिनिटांनी नोंदी परत आल्या. शेवटची होती अकरा एकोणतीसची, एका सशाचं वजन. सशाच्या पुढे काही हरवलेलं नव्हतं.

सोमवारी नऊच्या आत फोन आला. डॉक्टरीणबाई घाईत होत्या: टेबलावर मांजर, ऑपरेशनची तयारी, मागच्या वेळी कोणत्या भुलीने तिचा श्वास अडकला होता ते त्यांच्या पडद्यावर उघडत नव्हतं. मी नोंद काढून वाचून दाखवली. "काल दोन तास बंद होतं तुमचं. काय कारभार आहे," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

सल्लागारांच्या अहवालात 'शून्य नुकसान' ठळक अक्षरात होतं. हल्ली ते ठिकठिकाणी अपग्रेडमध्ये डेटा कसा जपावा यावर भाषणं देतात. साहेबांनी सभेत सगळ्यांच्या सकारात्मक वृत्तीचं कौतुक केलं आणि नंतर पणबाईंना बाजूला घेऊन सांगितलं, "तुम्हीही जरा सकारात्मक राहायला शिका."

"शिकते. दर महिन्याला बॅकअप उतरवून बघायचा, एवढं लेखी द्या."

साहेबांना जेवायला जायचं होतं. न वाचता सही केली.

आता दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी आम्ही दोघं तालमीला बसतो. त्या नोंदी उतरवतात, मी ताडतो. गेल्या खेपेला एक कासव निघालं. वय एकाहत्तर, तक्रार: खात नाही.

"पुढे काय झालं त्याचं?" मी विचारलं.

त्यांनी पुढची ओळ उघडली. "खायला लागलं," म्हणाल्या, आणि यादीत खूण केली.