पाळक येईपर्यंत

आमच्यात धर्मगुरूला पाळक म्हणतात. मंडळी ही मेंढरं आणि तो त्यांना पाळणारा. बारामतीच्या आमच्या मंडळीचे पाळक बदलून गेले आणि नवे यायला बराच काळ लागला. मी शाळेत शिकवते. त्या वर्षी चर्चच्या कमिटीवर नव्यानेच निवडून आले होते. पहिल्याच बैठकीत इंदापूरकडच्या वरकुटे गावातल्या एका आबांचा विषय निघाला. कारखान्यातून निवृत्त झालेले आबा कित्येक महिने उपासनेला फिरकले नव्हते. त्यांचं सभासदत्व काढावं, असं बाकी सगळ्यांचं मत पडलं.

"आधी कुणी जाऊन विचारलंय का?" मी म्हणाले.

"ते पाळकांचं काम," खजिनदार म्हणाले. "नवे आले की बघतील."

नव्व्याण्णव मेंढरं मागे ठेवून एकाच्या शोधात निघालेल्या मेंढपाळाची गोष्ट मी संडेस्कूलच्या पोरांना दरवर्षी सांगते. पुढच्या रविवारी उपासना आटोपली आणि मी इंदापूरच्या एसटीत बसले.

आबा अंगणातच होते. मी कोण ते सांगितलं आणि हसत म्हणाले, "हरवलेलं मेंढरू शोधायला आलेय, आबा."

ते हसले नाहीत. "हरवलो कुठं, बाई? मी हितंच हाय. तुमीच आला न्हाय."

मग त्यांनी मला आत नेलं. खाटेवर त्यांच्या पत्नी, काकी, पडून होत्या. अर्धांगवायूनं त्यांची उजवी बाजू गेली होती, आणि त्यांना एकटं टाकून आबांना बाहेर पडता येत नव्हतं. काकींनी अडखळत एकच गोष्ट मागितली, प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत घ्यायची भाकर आणि द्राक्षरस. ते द्यायचा अधिकार पाळकांचा. मी बायबल वाचून दाखवलं, प्रार्थना केली आणि पुढच्या रविवारी येते म्हणून सांगितलं.

पुढच्या बैठकीत मी आबांचं नाव सभासदांच्या यादीतून काढू दिलं नाही. "तुम्ही काही पाळक नाही," खजिनदार म्हणाले.

"नाही. पण ते येईपर्यंत मी जाणार."

आणि गेले. काही दिवसांनी महिला मंडळातल्या दोघी सोबत यायला लागल्या. एक काकींची वेणी घालायची, दुसरी गायची. आबा दारात बसून ऐकायचे.

नवे पाळक आले ते माझ्यापेक्षा वयानं लहान. स्वागताच्या चहालाच मी त्यांना काकींचं सांगितलं.

"जरा स्थिरस्थावर होऊ द्या," ते म्हणाले. "मग भेटीगाठींचं ठरवू."

"पाळकसाहेब, दुपारची गाडी आहे. या रविवारी मी तुमची जागा धरते."

पाळकांनी कप खाली ठेवला. "एसटी कशाला?" ते म्हणाले. "माझी मोटारसायकल आहे. फक्त रस्ता सांगा."

त्या रविवारी काकींना प्रभुभोजन मिळालं. भाकरीचा तुकडा आबांनी त्यांच्या ओठांना लावला.

आता महिन्यातून एकदा पाळक जातात, बाकीचे रविवार आमचे. मध्यंतरी वाटेवरच्या अंथुर्ण्यातही आमच्यातलं एक म्हातारं माणूस घरात अडकून पडल्याचं कळलं. परवा वरकुट्याला जाता जाता मी आधी तिथं उतरले.