बत्तीस बार, कागदाविना

नागपूरला गाडीत चढले तेव्हा माझ्याजवळ तीन नग होते: कपड्यांची बॅग, डब्याची पिशवी आणि सॅक्सोफोन. तिसरा नग मी हमालाला दिला नाही. समोरच्या बर्थवरचे गृहस्थ त्या काळ्या पेटीकडे बराच वेळ पाहत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "माताजी, सिलाई मशीन है?"

"नहीं, बाजा है."

"पोते के लिए?"

"मेरा है."

त्यानंतर मथुरेपर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत.

अनय, मीरा, तुमच्या आजीला एकाहत्तराव्या वर्षी हे घेऊन दिल्लीला का जावं लागलं, ते तुम्हाला बाबाकडून अर्धंच कळलं असेल. दिवाळीत माझ्याकडून दुधाचं पातेलं गॅसवर राहिलं. त्याच आठवड्यात शेजारच्या काकूंना हाक मारायला गेले आणि त्यांचं नावच आठवेना. बाबाने ठरवलं की मी आता एकटी राहू नये. नागपूरचा फ्लॅट विकायचा आणि मी पुण्याला ज्येष्ठांच्या वसाहतीत जायचं. तो काळजीपोटीच म्हणतो, हे मला कळतं. पण "आई, तुझ्या लक्षात राहत नाही" हे वाक्य मला सहन होईना. मी त्याला ईमेल लिहिली: जॅझची एक पूर्ण चाल, बत्तीस बारची (बार म्हणजे आपल्याकडचं तालाचं एक आवर्तन), कागद न बघता, अनोळखी लोकांसमोर वाजवीन. वाजवली तर घर राहील. चुकले तर सही करीन.

दिल्लीत मी वंदना मेश्रामकडे उतरले. ती मूळची भंडाऱ्याची, शाळेत माझी विद्यार्थिनी, आता केंद्र सरकारात अधिकारी. तिचं क्वार्टर तिमारपूरला आहे. पहिल्या दुपारी तिने पाटवडीचा रस्सा केला होता. तिची मुलगी सलोनी दिल्लीतच वाढलेली. ती पेटी उघडून म्हणाली, "आजी, सच में तुम्ही वाजवता? यार, माझ्या फ्रेंड्सना सांगू?"

"आधी वाजवू दे," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मेट्रोने मुनिरका गाठलं. इथल्या गल्ल्या इतक्या अरुंद की समोरासमोरच्या गॅलऱ्यांतले विद्यार्थी हात लांब करून एकमेकांना चार्जर देतात. चौथ्या मजल्यावर माझा गुरू राहतो. त्याचं नाव लालरिना, मिझोरामचा, तिशीतला, चर्चच्या बँडमध्ये वाजवायला शिकलेला. दीड वर्ष तो मला इंटरनेटवरून शिकवतो आहे. प्रत्यक्ष भेट ही पहिलीच, आणि रविवारी त्याच्या शिष्यांच्या बैठकीत मला वाजवायचं होतं.

मी माझी वही पुढे केली. या चाली चार भागांच्या असतात: आपल्याकडची स्थायी दोनदा, मग अंतरा, मग पुन्हा स्थायी. प्रत्येक भागाचे आठ बार. मी प्रत्येक बारसाठी कोणती बोटं कोणत्या कळीवर, याचा तक्ता दोन रंगांच्या शाईत केला होता आणि तो पाठ केला होता.

लालरिनाने सगळी पानं नीट पाहिली. "आंटी, बहुत सुंदर है. अब बंद कीजिए और गाइए."

"मैं गाती नहीं."

"फिर बजेगा भी नहीं. ये उंगलियों को याद है. आपको याद नहीं है."

मला राग आला. मी म्हटलं, "मैं पचास लड़कियों की हाज़िरी बिना देखे लेती थी."

"उनको भी आप उंगलियों से पहचानती थीं?"

मग मी गायले. शाळेच्या प्रार्थनेनंतर पहिल्यांदाच. समोरच्या गॅलरीत कपडे वाळत घालणारी मुलगी थांबली आणि हसू दाबत आत गेली. मी दोन तास गात होते. दुपारी त्याने मला जेवायला बसवलं. पदार्थाचं नाव बाई (पालेभाज्या एकत्र शिजवून केलेलं पातळ कालवण). त्यात तिखट जवळजवळ नव्हतंच. तरी मी दोनदा घेतलं.

वंदनाच्या क्वार्टरमध्ये भिंती पातळ, म्हणून सरावासाठी रोज सकाळी हिंदूरावच्या टेकडीवर जायचं ठरलं. ग्वाल्हेरहून येऊन इथे राहिलेल्या हिंदूरावांचं नाव या भागाला अजून आहे, आणि आता लोक ते मुख्यतः दवाखान्यासाठी घेतात. टेकडीवर बाभळी, धुकं आणि माकडं. सलोनी हातात काठी घेऊन माझ्या बाजूला बसायची. पहिला सूर निघाला की माकडं एक फांदी वर सरकत.

तिसऱ्या दिवशी फिरायला आलेले एक गृहस्थ थांबले. "बहनजी, इस उम्र में फेफड़ों पर ज़ोर मत डालिए. भजन कीजिए, मन को शांति मिलेगी."

"मुझे शांति नहीं चाहिए, भाईसाहब. अंतरा चाहिए."

सलोनी तोंडावर ओढणी धरून हसत होती. पण अंतऱ्याला तीही मला सोडत नव्हती. "आजी, परत. इथे तुम्ही हर बार खाली जाता." मी गायचे, मग वाजवायचे, मग वाजवलेलं पुन्हा गायचे. शनिवारपर्यंत तक्ता न उघडता चाल तीनदा पूर्ण झाली.

रविवारी दुपारी मेहरौलीत एका पुस्तकांच्या दुकानाच्या वरच्या खोलीत सगळे जमले. लालरिनाकडे शिकणारे आणि त्याचे मित्र, मिळून पंचवीसेक माणसं. नियम एकच: समोर कागद ठेवायचा नाही. माझी चाल आधी एकदा ईशा नावाची मुलगी गाणार होती, पुण्याची, गुरुग्रामला आयटीत नोकरी करणारी. ती मफलर गुंडाळून आली.

"काकू, सॉरी हं, घसा बसलाय. ई फ्लॅट नाही झेपणार. डी फ्लॅट करूया?"

म्हणजे आपल्याकडच्या काळी दोनऐवजी काळी एक. गाणाऱ्याला सोयीचा सूर द्यायचा, ही या लोकांची रीत. पण माझी सगळी बोटं बदलणार होती. मी लालरिनाकडे पाहिलं. तो म्हणाला, "चाल तो वही है, आंटी. बस दरवाज़ा दूसरा है."

नकार देता आला असता. ईशाने समजून घेतलं असतं. मी म्हटलं, "चल."

तिने चाल एकदा पूर्ण गायली, मग पियानोच्या खुणेवर ती माझ्याकडे आली आणि दोन्ही स्थायी नीट निघाल्या. अंतऱ्याचे चार बार मनातल्या मनात गात मी बोटांना शोधायला लावलं, आणि ती सापडली. पाचव्या बारला काहीच नाही. रिकामं. पियानोवाला पुढे गेला. समोर बसलेल्या सलोनीची मूठ टेकडीवर काठी धरायची तशी घट्ट मिटलेली मला दिसली. मी डोळे मिटून पियानोबरोबर ती ओळ ऐकत राहिले, आणि शेवटच्या स्थायीच्या पहिल्या सुरावर बरोबर परत आले. पुढचे आठही बार वाजवले.

टाळ्या झाल्या. मी लालरिनाला म्हटलं, "चार बार छूट गए."

"हाँ. फिर आप लौट आईं," तो म्हणाला आणि पुढच्या माणसाचा माइक लावायला गेला.

नागपूरला पोचल्यावर बाबाचा फोन आला. मी खरं ते सांगितलं.

"मग आई, अट तूच घातली होतीस."

"मीच घातली होती, म्हणून मीच बदलते. अट चुकीची होती."

मुलांनो, तुम्हाला सांगते तेच त्यालाही सांगितलं. त्या खोलीत सात जणांनी वाजवलं. त्यातल्या पाच जणांचं काही ना काही सुटलं, आणि ते पाचही जण तिशीच्या आतले. त्यांना कुणी घर विकायला सांगितलं नाही. गॅस आपोआप बंद करणारी कळ मी बसवून घेतली आहे. डॉक्टरांकडे तपासणीलाही जाणार आहे, कारण ते शहाणपणाचं आहे. सही मात्र करणार नाही.

सध्या दुसरी चाल घेतली आहे. खिडकी उघडी ठेवून आधी गाते, मग वाजवते. खालच्या मजल्यावरच्यांनी सोसायटीत तक्रार केली. मी त्यांच्या दारावर सुवाच्य अक्षरात वेळ लिहून चिकटवून आले आहे: रोज सकाळी दहा ते अकरा, रविवारी बारापर्यंत.