तिसरा डबा

माझी नोकरीच संशय घेण्याची आहे. कंपन्या नवा माणूस घेण्याआधी त्याची कागदपत्रं आमच्याकडे पाठवतात. म्हणतो त्या कॉलेजात तो खरंच शिकला का, आधीची नोकरी त्यानं सोडली की त्याला काढलं, हे आम्ही शोधून काढतो. बारा वर्षं हेच करतेय. त्यामुळे कुणी नुसतं नमस्कार म्हटलं तरी याला काय हवंय, हे माझ्या मनात आधी येतं. मी अडतीस वर्षांची आहे आणि लग्न झालेलं नाही. या दोन गोष्टींचा माझ्या नोकरीशी काही संबंध नाही, असं मी लोकांना सांगत असते.

घरी मी आणि बाबा. पणजोबा संस्थानात कारकून होते म्हणून आम्ही इंदूरचे. आता सुदामा नगरात राहतो. बाबा माझ्या अगदी उलट. फोनवर आलं ते खरं. एकदा सकाळी चहा घेता घेता त्यांनी मला एका भल्यामोठ्या पुलाचा फोटो दाखवला. "बघ, आपल्याकडे काय जबरदस्त काम झालंय!" मी पाच मिनिटांत शोधून दाखवलं की पूल दुसऱ्याच देशातला आहे. बाबा चिडले. "बेटा, तुला तर काही चांगलं झालेलं बघवतच नाही." दुसऱ्या पार्टीवाला माझा मामेभाऊ खड्ड्यांचे फोटो पाठवतो. तेही मी तपासते, आणि तो खड्डा आठ-दहा वर्षांपूर्वीचा निघतो. त्यामुळे नातेवाइकांच्या ग्रुपवर दोन्ही पार्ट्यांचं एकाच बाबतीत एकमत आहे, ते म्हणजे मी. निवडणुकीत दारावर आलेल्या एका कार्यकर्त्याला मी विचारलं होतं, "भिया, मागच्या वेळी गमछ्याचा रंग दुसरा होता ना?" त्यानंतर आमच्या घरी पत्रक आलेलं नाही.

बाबा वर्तमानपत्र मोठ्यानं वाचतात. देशाच्या बातम्या झाल्या की चमत्कारिक बातम्या. कागदोपत्री मेलेला कुणी माणूस स्वतःच्याच गळ्यात हार घालून साहेबांपुढे उभा राहिला. साखरपुडा टाळायला एकानं स्वतःच्याच अपहरणाचं नाटक केलं. आणि दर पंधरा दिवसांनी एक लुटेरी दुल्हन, चौथ्या दिवशी दागिने घेऊन फरार. बाबांना हे ऐकवताना भारी मजा येते. मी मात्र मनात टिपून ठेवते, कारण त्या नवऱ्या मुलानं आधी चौकशी केली असती तर ही वेळ आली नसती.

शेवटी उठावन्याचं पान. आमच्याकडे माणूस गेला की तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तासभर लोक जमतात, त्याला उठावना म्हणतात. त्याची जागा आणि वेळ पेपरात छापून येते. वर गेलेल्याचा फोटो, खाली शोकाकुल म्हणून घरच्यांची नावं. अख्ख्या पेपरात माझा विश्वास फक्त या पानावर आहे. तिथे खोटं छापून कुणाचं काय भलं होणार?

तर अशा बाईनं डेटिंगच्या ॲपवर जायचं म्हणजे कठीणच. एकाचा फोटो स्वतःचा होता, पण कॉलेजच्या काळातला. एकाचा घटस्फोट 'चालू' होता, आणि तीन वर्षं तो चालूच होता. मी सगळ्यांना ऑफिसातल्यासारखी तपासून बाद करत गेले. मग हा आला. साताऱ्याकडचा, बेचाळिशीचा, शहराबाहेर सिमरोलच्या इंजिनिअरिंग कॅम्पसमध्ये प्रयोगशाळा सांभाळणारा. इंदुरात येऊन त्याला दीड वर्ष झालं होतं. नोकरी खरी निघाली, वय खरं निघालं, फोटो तर प्रत्यक्षापेक्षा वाईट होता. पहिल्याच भेटीत मी म्हणाले, "तुम्ही तर एकदम टाइमवर आलात, मला तर गाडी लावायला जगाच नव्हती मिळत." तो हसू लागला. "तुमचं बोलणं ऐकलं की वाटतं, हिंदीनं नऊवारी नेसलीय." मला राग यायला हवा होता. आला नाही.

तीनदा भेटलो. तो मला आवडला होता, हे इथे सरळ लिहून टाकते. शनिवार आला की मी आधीच्या दिवशी कुर्ता इस्त्री करून ठेवायला लागले होते, आणि बाबा ते बघून न बघितल्यासारखं करत होते. एकच गोष्ट खटकत होती. घरी कोण कोण असतं, असं मी विचारलं की तो म्हणायचा, "घरी या, मग सांगतो." माझ्या कामात असं उत्तर देणाऱ्याच्या फायलीवर मी लाल खूण करते.

चौथ्यांदा त्यानं घरी बोलावलं. रविवारी सकाळी, पोह्यांना. बाहेरची खोली नीट आवरलेली होती. आतल्या खोलीचं दार लोटलेलं. तो स्वयंपाकघरात कांदा परतत होता, मी ओट्याशी उभी राहून त्याला लिंबू कापून दिलं. हात पुसलेला कागद टाकायला मी विचारलं, "कुठल्या डब्यात?" इंदूरच्या माणसाला हा प्रश्न परक्याच्या घरीही विचारावाच लागतो, ओला वेगळा, सुका वेगळा, बाकीचं आणखी वेगळं, नाहीतर सकाळी कचऱ्याची गाडी घेत नाही. तो म्हणाला, "मागच्या गॅलरीत, निळा."

गॅलरीत तीन डबे होते. हिरवा, निळा आणि एक काळा. काळ्या डब्यात कागदात गुंडाळून लाल खूण केलेला कचरा जातो, सॅनिटरी पॅड आणि असलंच काही. एकट्या पुरुषाच्या घरी तो डबा कशाला? मी निळ्याचं झाकण उचललं. आत घडी केलेलं प्लास्टिकचं रिकामं पाकीट होतं, आणि त्याच्या कडेवर एवढाच शब्द दिसत होता, डायपर.

तेवढ्यात लोटलेल्या दारामागून बाईच्या खोकल्याचा आवाज आला. एकदाच, दाबल्यासारखा.

बायको आणि मूल. मला काही वाटायच्या आत हिशेब लागला होता. बारा वर्षांत इतकी सरळ केस आली नव्हती. मी स्वयंपाकघरात गेले, फोन नुसताच कानाला लावलेला. "ऑफिसमधून अर्जंट कॉल आहे, मला निघावं लागेल." तो कालथा हातात घेऊन म्हणाला, "दोन मिनिटं थांबा ना, पोहे झालेच." मी थांबले नाही. खाली स्कूटरवर बसूनच त्याला ब्लॉक केलं. घरी येऊन बाबांना म्हटलं, "पकडला." बाबांनी फक्त विचारलं, "तू विचारलं होतं का त्याला?" मी म्हणाले, चोराला विचारून काय फायदा? चार दिवस मी खूश होते. पाचव्या दिवशी शुक्रवार होता, आणि इस्त्री करायला घेतलेला कुर्ता मी परत कपाटात ठेवला.

दोन महिने गेले. एका सकाळी बाबा उठावन्याचं पान वाचत होते. "अरे, यांचं मूळ गाव तर साताऱ्याकडचं लिहिलंय. इथे कसे?" मी सहज पाहिलं. वृद्ध बाईचा फोटो, बारीक, डोक्यावरून पदर. 'दीर्घ आजारानंतर' असं लिहिलं होतं. खाली शोकाकुल म्हणून एकच नाव, त्याचं. पुत्र. सून नाही, नात नाही, नातू नाही. इंदूरमध्ये शोकाकुलांच्या यादीत चुलत भावाच्या मेव्हण्याचंही नाव येतं; असती तर बायको सुटली नसती. मी ते चारदा वाचलं. या पानावर माझा विश्वास होता, म्हणून दुसरीकडे कुठे तपासायची सोय नव्हती.

मोठ्या माणसांचेही डायपर असतात, हे मला माहीत नव्हतं असं नाही. आजीच्या शेवटच्या वर्षी मीच आणायचे.

संध्याकाळी गेले. बाबा म्हणाले येतो, मी नको म्हटलं. त्यांच्या कॉलनीच्या मंदिराचं सभागृह होतं, एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका. परक्या गावात राहणाऱ्या माणसाच्या मानानं बरीच माणसं जमली होती. त्याच्या शेजारी राहणाऱ्या बाई म्हणाल्या, "पेपर में हमने ही दिया, नहीं तो यहाँ किसको पता चलता है." मी फुलं वाहिली आणि मागच्या ओळीत बसले. तास संपला तसे लोक उठून दाराकडे निघाले. तिथे तो हात जोडून उभा होता, शेजारी गावाहून आलेली त्याची मावशी. माझी पाळी आली.

त्यानं मला पाहिलं. "आलात," एवढंच म्हणाला.

"मला माहीत नव्हतं," मी म्हणाले.

"मी सांगायला हवं होतं. आधी दोन ठिकाणी आईला बघून नकार आला होता. म्हणून तीच म्हणाली, त्यांना पोहे खाऊ देत, मग मला दाखव." त्यानं जोडलेले हात खाली घेतले. "एक विचारायचं होतं. तुम्ही गेल्यावर ती रोज म्हणायची, मी खोकले म्हणून गेली ती, मला दाबता आला नाही. मी सांगत होतो की ऑफिसचा फोन आला होता. तिला शेवटपर्यंत पटलं नाही." मग त्यानं हळूच विचारलं, "आला होता ना?"

मागे रांग थांबली होती. मावशीही माझ्याकडे बघत होत्या.

"हो," मी म्हणाले. "ऑफिसचाच होता."

त्यानं डोळे पुसले आणि मावशीकडे वळला. "बघ मावशी, मी म्हणत होतो ना. फोनच आला होता."