लंडनला गेलेली प्रार्थना

माझा भाचा इंग्लंडात लोकांना हसवतो आणि त्याच्यावरच त्याचं घर चालतं. आजवर नगरच्या अर्ध्या सावेडीला मी हे अभिमानानं सांगितलंय. भाजीवालीला, रिक्षावाल्याला, दवाखान्यात नंबर येईपर्यंत शेजारी बसलेल्या बाईला, कुणाकुणाला सोडलं नाही. आता तेच सांगायचं म्हटलं की तोंडात कडू येतं.

माझी धाकटी बहीण नर्स होऊन तिकडं गेली. तिकडंच लग्न, तिकडंच मुलगा. मुलगा जन्मानं आणि पासपोर्टानं पक्का इंग्रज, पण बहिणीनं घरात मराठी सोडली नाही. सुट्टीत नगरला आला की आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांची नक्कल करायचा. हात पोटावर, एक डोळा मिटलेला आणि दुसरा घड्याळावर. आम्ही हसून हसून लोळायचो. मीच म्हणायची, "अरे, परत कर एकदा." म्हणजे त्याला ही चटक लावणाऱ्यांत मीसुद्धा आहे.

कॉलेजात असताना तो एका दारूच्या गुत्त्यावरच्या खोलीत वीस-पंचवीस माणसांपुढं उभा राहून बोलायला लागला. बहीण फोनवर रडायची. "ताई, डॉक्टर करायला निघाले होते गं, हा सोंगाड्या झाला." मी म्हणाले, "रडू नको. सोंगाड्याला निदान खोटं औषध द्यावं लागत नाही." मग तो रेडिओवर आला, मग टीव्हीवर. आठवड्याच्या बातम्या घ्यायच्या आणि मंत्र्यासंत्र्यांची टर उडवायची. एक मंत्री म्हणे कोर्टात खेचायची धमकी देऊन बसला होता. हा दुसऱ्या आठवड्यात त्या धमकीचीच नक्कल करून मोकळा. मला तेव्हा केवढी धन्यता वाटली! आपल्या नात्यातला माणूस मोठ्यामोठ्यांना घाबरत नाही, याच्यापेक्षा आणखी काय पाहिजे? सिनेमातही त्याला कामं मिळाली. कधी दुकानदार, कधी टॅक्सीवाला, दोनदा डॉक्टर. डॉक्टर झाला तेव्हा बहिणीनं तेवढाच भाग चारदा पाहिला.

बहीण गेली आणि पुढच्या वर्षी तो आठ दिवस माझ्याकडं राहायला आला. वाळला होता. म्हणाला, "मंत्र्यांवर हसून लोक कंटाळले, मावशी. टीव्हीवाले म्हणतात, तुझ्या घरच्या माणसांचं काहीतरी सांग." मी म्हटलं, सांग की. आमच्यात काय कमी गमती आहेत?

शुक्रवारी दुपारी माझ्याकडं बायकांची घरसभा असते. एक गीत म्हणायचं, बायबलमधलं वचन वाचायचं, मग फेरी. फेरी म्हणजे ज्या बाईचं जे दुखत असेल ते तिनं मोठ्यानं देवापुढं मांडायचं आणि बाकीच्यांनी तिच्यासाठी प्रार्थना करायची. सुनेशी पटत नाही, मुलगा पितो, गाठ आलीय पण घरात सांगितलेलं नाही, सगळं तिथं निघतं. तिथलं उंबऱ्याबाहेर जात नाही. असं कुठं लिहून ठेवलेलं नाही, पण कधी गेलेलं नाही. भाचा म्हणाला, "मावशी, मी बसू का? आईला बरं वाटलं असतं." मी बसवलं. मोबाईलवर रेकॉर्डिंग लावून त्यानं तो टीपॉयवर ठेवला. "आठवण राहील," म्हणाला. बायकांनी उलट पदर सारखे केले.

त्या दिवशी माझ्या समोरच्या फ्लॅटमधल्या बाईची पाळी आली. ती घोडेगावाकडची. नवरा एसटीत ड्रायव्हर होता. अर्धांगाचा झटका आला आणि मागून डोकंही गेलं. खाटेवर बसून स्टिअरिंग फिरवायचा, हिला ओरडायचा, "ओ बाई, दारात उभं राहू नका, मागं सरका!" दिवसातनं चारदा चादर ओली. धुऊन-पिळून हिचं मनगट सुजलेलं असायचं, पण चेहऱ्यावर दाखवायची नाही. चष्मा काढून पदरानं काचा पुसत राहायची, ही तिची रडायची पद्धत.

तसंच काचा पुसत ती म्हणाली, "देवा, लई झालं. येक तर ह्यांना ने, न्हाईतर मला ने. पन दोघांला येकदम नेऊ नको, घराला कुलूप कोन लावील?"

आम्हाला हसू आलं, तिलाही आलं. मग ती हळू म्हणाली, "आन् ह्यांनाच न्यायचं आसंल तर दुखू देऊ नको. जल्मभर लोकांना सुखरूप पोचवलंय त्यांनी." आम्ही सगळ्यांनी तिच्यासाठी प्रार्थना केली. उठताना ती भाच्याला म्हणाली, "दादा, तुमच्या तिकडच्या चर्चच्या मंडळीलाबी सांगा. माझ्यासाठी प्रार्थना करा म्हनावं."

"सांगतो, काकू," तो म्हणाला.

दोन महिन्यांनी तिचा नवरा झोपेतच गेला. कबरस्तानात माझा हात आवळून धरून ती म्हणाली, "आक्का, मी मागितलं म्हनून गेले वो. म्याच मारलं त्यांना." तिला त्यातून वर काढायला आम्हाला वर्ष लागलं. एकाच गोष्टीचा तिला आधार होता. म्हणायची, "लंडनच्या मंडळीनंबी प्रार्थना केली आसंल, म्हनून दुखलं न्हाई त्यांना."

परवाच्या उन्हाळ्यात माझ्या नातीनं मोबाईल आणून दाखवला. ती कॉलेजात इंग्रजी शिकवते. "आजी, बघ, काकाचा कार्यक्रम." मोठं थिएटर, खचाखच माणसं, आणि भाचा खांद्यावर ओढणी टाकून उभा. ओढणीच्या टोकानं चष्मा पुसत होता. मी खळखळून हसले. खोटं कशाला सांगू, मी हसले. मला वाटलं माझीच नक्कल करतोय. नातीनं मात्र आवाज कमी केला.

"आजी, बंद करू?"

"काय म्हणतोय ते सांग आधी."

तिनं अडखळत सांगितलं. देव म्हणजे एसटी स्टँडवर तिकिटाच्या खिडकीत बसलेला साहेब. बाई त्याच्याकडं नवऱ्याचं तिकीट मागतेय, जायचंच द्या, परतीचं नको. मग कुलपाचं वाक्य. लोक पाय आपटून हसत होते. मग त्यानं नवराही करून दाखवला. जीभ बाहेर, तोंड वाकडं, हवेत स्टिअरिंग, आणि पँटीकडं बोट. उठून मोरीवर गेले, चूळ भरली, तरी शिसारी जाईना. त्या माणसाच्या गाडीत बसून मी कितीदा संगमनेरला गेले होते. आणि आत्ता दोन मिनिटांपूर्वी मी खळखळून हसले होते, त्याचीही किळस आली.

कुणाला सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं. पण आठवड्याच्या आत समोरची बाई मोबाईल नाचवत दारात उभी. "आक्का, दादांचा निरोप आला! टीव्हीची मानसं घेऊन येनार हायेत, मला बोलायला सांगनार. मी त्यांच्या मंडळीचे आभार मानते बघा. सांगते, तुमच्या प्रार्थनेनं माझा मानूस सुखानं गेला."

ही कॅमेऱ्यापुढं हात जोडून आभार मानणार आणि तिकडं माणसं पाय आपटणार.

मी भाच्याला फोन लावला. सगळं बोलले. तो शांतपणे म्हणाला, "मावशी, ते सटायर आहे. लोक तिला नाही हसत, मरणाला हसतात."

"मग मरणाचं सोंग घ्यायचंस. पदर कशाला घेतलास?"

"मी नाव घेतलंय का तिचं?"

"मंत्र्याचं नाव घेऊन हसलास ते मला आवडलं. त्याच्याजवळ वकील आहेत, पोलीस आहेत. हिच्याजवळ काय आहे?"

"प्रेमानं केलंय गं सगळं."

"प्रेमानं कुणी कुणाचं लुगडं फेडत नाही."

मी विचारलं, "आणि ते शेवटचं का नाही सांगितलंस? दुखू देऊ नको म्हणाली ते?"

"त्यावर कुणी हसत नाही, मावशी."

एवढं एकच तो खरं बोलला, आणि त्याचीच मला सगळ्यात जास्त किळस आली. बाई अर्धी कापून नेली होती यानं. जेवढी विकली जाईल तेवढीच. मी म्हटलं, "माझ्या घरी कॅमेरा आणायचा नाही. तूही सध्या नको येऊस." आणि फोन ठेवला.

सकाळी तिच्याकडं गेले. ती मेथी निवडत बसली होती. मी काहीही आडपडदा न ठेवता सांगितलं, आणि त्याला घरसभेत मीच बसवलं होतं हेही सांगितलं. ती काड्या मोडत राहिली. मग म्हणाली, "दाखवा."

"नको गं."

"दाखवा म्हंते ना."

इंग्रजी तिला ओ की ठो कळत नाही, पण तो पदर कळला. नवऱ्याची नक्कल आली तशी तिनं मोबाईल उलटा करून मेथीवर ठेवला. आतून हसण्याचा आवाज येतच होता.

"ह्यांची जीभ कधी भायेर येत न्हवती," ती म्हणाली.

मी मोबाईल बंद केला. तिनं विचारलं, "म्हंजी तिकडं कुनी प्रार्थना केलीच न्हाई?"

मला खोटं बोलता आलं असतं. त्या खोट्यावर ती उरलेलं आयुष्य सुखात काढू शकली असती. पण तिला इतकं फसवून झालं होतं, आणखी एक फसवणूक माझ्या हातून नको वाटली.

"नाही केली."

"मग त्यांना दुखलं आसंल वो."

"आम्ही केली होती ना. तुझ्यासमोर केली, सगळ्या बायकांनी."

"व्हय," ती म्हणाली. पण ते 'व्हय' मला समजावण्यासाठी होतं. चष्मा पुसायला तिचा हात पदराकडं गेला आणि मध्येच थांबला. तिनं चष्मा तसाच, धुरकट काचांचा, परत डोळ्यांवर चढवला.

भाचा पुण्यात येऊन दुसऱ्याच कुणाच्या घरी चित्रीकरण करून गेला, असं नात म्हणाली. त्या घरच्या बाईलाही तो काकूच म्हणत असेल.

पुढच्या शुक्रवारी सगळ्या आल्या. तोवर ही गोष्ट सगळ्यांच्या कानावर गेली होती. गीत झालं, वचन झालं, फेरी सुरू झाली. समोरच्या बाईची पाळी आली तशी ती म्हणाली, "माझं काय न्हाई." तिच्या शेजारणीनं टीपॉयवर पडलेल्या माझ्या मोबाईलकडं पाहिलं आणि तीही म्हणाली, "माझंही काही नाही." मग तिसरी तेच, चौथी तेच. एरवी आमची फेरी संपायला तास लागतो. त्या दिवशी चहाला उकळी यायच्या आत संपली.