बाईंनी मागे घेतलेली नोंद

शाळेत बाईंना पाठीमागे ‘पंचवीस तारीख’ म्हणत. तक्ता हजेरीचा असो की दाततपासणीचा, महिन्याच्या पंचवीसला तो कार्यालयात पोचायला हवा, असा नियम होता आणि सव्वीस वर्षांत तो पाळणाऱ्या बाई एकट्याच. बाकीची स्टाफरूम ‘देतो हो, देतो’ करत पुढचा महिना गाठायची. बाईंना त्याचा मनातून तोरा होता, तो का लपवावा?

त्या वर्षी सरकारनं नवा तक्ता पाठवला. पोरं अतिरेकी विचारांकडे वळू नयेत म्हणून प्रत्येक वर्गशिक्षकानं दरमहा लिहून द्यायचं: कोण अचानक गप्प झालं, कोण एकटं बसतं, कोण उलट प्रश्न विचारतं. विद्यापीठातही तेच सुरू झालं होतं. बाईंना वाटलं, चला, पोरांकडे कुणीतरी लक्ष देतंय. नववीतल्या एका मुलीबद्दल त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘दोन महिन्यांपासून गप्प. खिडकीबाहेर बघत बसते. इतिहासाच्या तासाला वाद घालते.’ कुणी समुपदेशक येईल, मुलीशी चार शब्द बोलेल, एवढाच त्यांचा हिशेब.

पंचवीसला पूर्ण शाळेतून एकच तक्ता गेला. बाईंचा. आळशी मास्तरांचे वर्ग निव्वळ आळसानं वाचले.

आठवड्याभरात दोन अधिकारी आले. मुलीला प्रयोगशाळेतून उठवून नेलं आणि दोन तास बसवलं. घरी कोण येतं, दादा काय वाचतो, फोन दाखव. दादा विद्यापीठात शिकत होता. चौथ्या दिवशी तिथं त्याचीही चौकशी झाली आणि त्याला वसतिगृह सोडायला सांगितलं. मुलगी वर्गात परतली ती मान खाली घालूनच. तिचं बघून बाकीच्यांनीही तोंडाला कुलूप लावलं. इतिहासाच्या तासाला बाई विचारायच्या, “काही शंका?” आणि अडतीस पोरं वहीत डोकं खुपसायची.

बाई एका संध्याकाळी मुलीच्या घरी गेल्या. आईनं दार अर्धंच उघडलं. “आता काय लिहायचं राहिलंय?”

बाई उंबऱ्याबाहेरच थांबल्या. तेवढ्यात आतून मुलगी पुढे आली.

“दादा वसतिगृहात राहायला गेला ना, म्हणून मी गप्प होते. घरात बोलायला दुसरं कोण आहे? बाई, तुम्ही मला आधी विचारलं का नाही?”

रोज पाच फुटांवर बसणारी पोर, आणि तिला सोडून त्यांनी कागदाला सांगितलं होतं. घरी येईपर्यंत त्या स्वतःलाच शिव्या घालत होत्या.

पुढच्या सोमवारी या नोंदींवर निर्णय घेणारी सरकारी समिती शाळेत आली. मुख्याध्यापकांच्या खोलीत मुलगी आणि तिची आई भिंतीलगतच्या बाकावर बसलेल्या. बाईंनी आपल्या नोंदीखाली ‘कायम’ असं लिहून सही केली की मुलीचं नाव शाळेतून काढून तिला सुधारगृहात पाठवायचं, असं ठरलं होतं. समितीच्या साहेबांनी पेन पुढे केलं.

“मी नोंद मागे घेते,” बाई म्हणाल्या.

“मागे घ्यायची सोय नाही. तसा रकानाच नाही.”

“मग मी आखते.” बाईंनी टेबलावरची पट्टी ओढली, तक्त्याच्या कडेला सरळ रेघ मारली आणि लिहिलं, ‘नोंद रद्द. मी मुलीला विचारलं नव्हतं.’ खाली ठसठशीत सही.

मुख्याध्यापकांनी कपाळाला हात लावला. “अहो बाई, दोन वर्षं राहिलीत निवृत्तीला!”

“म्हणजे आधी खोटं लिहिलंत?” साहेबांनी आवाज चढवला.

“एक अक्षर खोटं नाही. ती गप्प होती, खिडकीबाहेर बघत होती, माझ्याशी वाद घालत होती. वर्गात बसून पोरांनी दुसरं काय करायचं? तो गुन्हा असेल तर आधी मला पकडा, वाद घालायला मीच शिकवलंय.”

“वर्ग जाईल तुमचा. आजच.”

“न्या. तिच्या विरुद्ध माझी सही मात्र मिळणार नाही. आज नाही, उद्याही नाही.”

सहीशिवाय प्रकरण पुढे सरकेना. साहेबांनी चरफडत मुलीला घरी जायला सांगितलं आणि बाईंना वर्गातून काढल्याचा आदेश टंकायला दिला.

बाई बाहेर आल्या. मान ताठ होती. मुलगी आईचा हात धरून व्हरांड्यात थांबली होती. ती अगदी हळू, ओठातल्या ओठात म्हणाली, “मला तुमचा अजून राग येतो.”

“यायलाच हवा. पण असं कुजबुजत काय सांगतेस? मोठ्यानं सांग.”

मुलीनं मुख्याध्यापकांच्या खोलीच्या बंद दाराकडे पाहिलं. मग आईचा हात सोडला.

“मला तुमचा राग येतो, बाई!” पूर्ण व्हरांडा दणाणला. “आणि त्यांचाही येतो!”

वर्गावर्गांतून डोकी बाहेर आली. मुख्याध्यापकांच्या खोलीचं दार उघडून साहेब उंबऱ्यात उभे राहिले. बाई मुलीच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “बोल, अजून काय काय?”