मोठ्या सरांच्या निरोपाची तयारी

मला बरं व्हायचं नव्हतं, मला सूड घ्यायचा होता. वापीच्या थेरपिस्टबाईंनी पहिल्याच भेटीत विचारलं, या उपचारांतून तुम्हाला काय साधायचंय? मी सरळ सांगून टाकलं, "आमच्या शाळेचे मुख्याध्यापक, मोठे सर, उन्हाळ्यात निवृत्त होतायत. त्यांच्या निरोप समारंभात मला माईकवर उभं राहायचंय, मान न हलवता." बाई गुजराती. हसून म्हणाल्या, "चलो, ये भी चलेगा."

माझी मान लहानपणापासून उजव्या खांद्याकडे झटका मारते आणि नाकातून 'हुं' असा आवाज निघतो. माहेरी कोकणात याला खोड म्हणत आणि खोड मोडावी म्हणून चापटही देत. याला टिक म्हणतात आणि ते मुद्दाम केलेलं नसतं, हे मला चाळिशी उलटल्यावर डॉक्टरांकडून कळलं. तोवर मी सिल्वासाच्या एका मराठी शाळेत गणित शिकवत अर्धं आयुष्य काढलं होतं. मुलं बहुतेक सायली-राखोलीच्या कारखान्यांत कामाला आलेल्या खानदेशी लोकांची. एका मुलीने एकदा विचारलं, "बाई, तुमनी मान दुखस का?" नाही गं, ती आपली आपणच हलते, म्हटल्यावर तिचं समाधान झालं आणि ती पुन्हा अपूर्णांकांकडे वळली.

समाधान झालं नाही ते मोठ्या सरांचं. मधल्या सुट्टीत चहा झाला की स्टाफरूममध्ये ते माझी नक्कल करत. मान, खांदा, 'हुं', सगळं. मी दारात आले की हसणं थांबायचं आणि सगळ्यांना एकदम बिस्किटं आठवायची. पंधरा ऑगस्टच्या सूत्रसंचालनासाठी मी नाव दिलं, तर म्हणाले, "पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही हो, बाई." एकदा मी त्या नकलेबद्दल तोंडावर विचारलं, तेव्हा म्हणाले, "मस्करी ती! मनाला लावून घेऊ नका." मी लावून घेतलं. चांगलं घट्ट लावून घेतलं.

डॉक्टरांनी रात्रीची गोळी सुरू केली. सुरुवातीला तिने तोंड कोरडं पडायचं आणि सकाळच्या पहिल्या तासाला फळ्यासमोर डुलकी यायची, मग मात्रा कमी केली. गोळीने झटक्यांचा जोर उतरला, पण झटके गेले नाहीत. खरं काम थेरपीत होतं. मान उडण्याआधी कानाखाली काहीतरी दाटून येतं, शिंक नाकाशी येऊन अडकावी तसं. ते ओळखायचं, आणि ओळखलं की हनुवटी किंचित खाली घेऊन मान हलकेच ताठ धरायची, नाकाने सावकाश श्वास सोडत राहायचं, ते दाटलेलं ओसरेपर्यंत. ऐकायला सोपं आहे. मी सिल्वासाजवळ अथालला घरी आरशासमोर बसून रडकुंडीला येत असे. थेरपिस्टबाई बजावत, झटका आला तर आला, स्वतःवर चिडायचं नाही. स्वतःवर मी चिडतच नव्हते. आरशात मला सर दिसत, आणि मान जागेवर राही.

आमच्या शाळेत निरोप समारंभाची एक पद्धत आहे, आणि ती मोठ्या सरांनीच पाडलेली. भाषणं, शाल-श्रीफळ झालं की जेवणाआधी निवृत्त होणाऱ्याने आपली एखादी कला दाखवायची. नाही म्हणून सुटका नाही. सगळे ठेक्यात टाळ्या वाजवत राहतात. चित्रकलेच्या सरांना त्यांनी असंच गायला लावलं होतं. बिचाऱ्यांचा आवाज फाटला, आणि सर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले होते.

सूत्रसंचालन कोण करणार, असं विचारलं गेलं तेव्हा मी हात वर केला. सर जागच्या जागी चुळबुळले, पण ज्याचा सत्कार त्याला कार्यक्रमात नाक खुपसता येत नाही. उट्टं काढायची अशी संधी पुन्हा येणार नव्हती.

समारंभाच्या दिवशी सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत सर, शेजारी त्यांची बायको, पलीकडे सून आणि व्याही मंडळी. मी माईकसमोर उभी राहिले. कानाखाली दाटून यायचं, हनुवटी खाली जायची, पुढचं वाक्य यायचं. कोणाच्या लक्षातही आलं नाही. सगळी भाषणं मी अशीच पार पाडली. सरांनी माझ्याकडे दोन-तीनदा निरखून पाहिलं. मान कधी उडते याची वाट पाहत होते, मला चांगलं ठाऊक आहे.

मग मी म्हटलं, "आता सरांची कला. सर उत्तम नक्कल करतात, हे बाहेरच्यांना ठाऊक नसेल. स्टाफरूममध्ये आम्ही वर्षानुवर्षं तिचा आनंद घेतलाय. माझी विनंती आहे, आज शेवटचं एकदा सरांनी माझी नक्कल करून दाखवावी." आणि मीच ठेका धरला.

मागे बसलेल्या पालकांनी टाळ्या उचलल्या. शिक्षकांच्या रांगेत एकही हात हलला नाही. सरांचा चेहरा साफ उतरला होता. "अहो बाई, मस्करी होती ती," ते पुटपुटले. तेवढ्यात त्यांची बायको उत्साहाने म्हणाली, "अगोबाई, ती होय! मान उडवतात ती? पाहुणे आले की करतात की घरी! मला आपलं वाटायचं, शाळेतलं कुणी पोर असेल." आणि मग तिने माझ्याकडे नीट पाहिलं. टाळ्या थांबल्या.

हे मला माहीत नव्हतं. नक्कल स्टाफरूमपुरतीच असेल असं मी धरून चालले होते, पण सरांच्या घरच्या सोफ्यावरही मी इतकी वर्षं मान उडवत होते. संताप असा उसळला की कानाखाली एकदम दाटून आलं. काय करायचं ते पाठ होतं. मी केलं नाही. हनुवटी वरच ठेवली आणि माईकसमोर, सगळ्यांदेखत, मान जाऊ दिली. 'हुं' सभागृहभर घुमला.

"खरी अशी असते, सर," मी म्हटलं. "तुमचं खांद्याचं जरा चुकतं."

मग सर्वांना जेवायला बसायची विनंती केली. सरांना काही घास गेला नाही. मी श्रीखंड दोनदा मागून घेतलं.